गावकीची सतरंजी

चपला बाहेर काढा, मग खुशाल टेका. मी सतरंजी. रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे डोंगराकडे वळलं की तळेकोंड नावाचं गाव लागतं. त्या गावात ग्रामसभेला, गावकीच्या बैठकीला आणि शिमग्यात देवीच्या पालखीबरोबर जी अंथरतात ती मी. गावात सतरंज्या आणखीही आहेत, पण त्या घरोघरच्या. साऱ्या गावाची म्हणावी अशी मी एकटीच. त्याचा मला थोडा ताठा आहे, तेवढा चालवून घ्या.

जन्म माझा देशावरचा, सोलापूरकडच्या एका हातमागावरचा. निळं अंग, तांबडे पट्टे. विणणाऱ्याचा हात घट्ट होता, म्हणून इतकी वर्षं लोकांनी रगडूनही मी अजून उसवलेली नाही. त्या हाताचे उपकार मी आधीच मानून ठेवते, नंतर बोलण्याच्या ओघात राहून जायचं. ग्रामपंचायतीने मला कोल्हापूरच्या बाजारात घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून मी आंबा घाट उतरले. इथली हवा इतकी दमट, की माझं अंग सुकायलाच तयार होईना. ग्रामपंचायतीत झाडलोट करणारी चिमा आजी मला उन्हात टाकताना म्हणायची, "घाटावरची हाय ती. तिला आमचा ओलावा सोसूचा नाय." पण सोसला. सून नाही का परक्या घरात रुळत? तशीच मी रुळले.

माणूस तोंडाने काय बोलतो ते तुम्हाला ऐकू येतं. तो बसतो कसा, ते मला कळतं. खोटं बोलणारा सारखी मांडी बदलतो. ज्याला उठून जायचं असतं तो आधीपासून एका कुल्ल्यावर बसतो. भागोजी गावकर, म्हणजे गावातले पहिल्या मानाचे वृद्ध गृहस्थ, एक गुडघा उभा करून बरोबर माझ्या मधोमध बसायचे आणि तंबाखू मळायचे. त्यांच्या चुन्याचे डाग माझ्या मधल्या पट्ट्यावर कायमचे आहेत. बायका मात्र ग्रामसभेला आल्याच तर दाराजवळ उघड्या फरशीवर बसायच्या. माझा अर्धा भाग रिकामा असला तरीही. एखादीचा पाय चुकून माझ्या किनारीला लागला तर ती चटका बसल्यासारखा मागे घ्यायची. मला फार वाईट वाटायचं. मी गावाच्या पैशातून आलेली, आणि गाव तर त्यांचंही होतं.

आता गावकी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. दोन्ही वाड्यांतले मानकरी नवलाई देवीच्या देवळात बसतात आणि गावाचं काय ते ठरवतात. त्या बैठकीला बायका बसत नाहीत. कोणी मनाई केली आहे असं नाही, पण कधी कोणी बसलेलंही नाही. तिथे जे ठरतं ते पुढे ग्रामसभेत येतं, आणि लोक हात वर करून घरी जातात. मला दोन्हीकडे खांद्यावर टाकून नेत असल्यामुळे प्रत्येक निर्णय मला दोनदा ऐकावा लागायचा. पहिल्यांदा खरा, दुसऱ्यांदा नुसता नावाचा.

एका वर्षी सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. गावकी बसली. निवडणूक झाली की भांडणं होतात, मुंबईचे लोक गाड्या करून येतात, दारू वाहते, म्हणून बिनविरोध करायचं ठरलं. पण मान कोणत्या वाडीचा, यावर घोडं अडलं. शेवटी तोडगा निघाला. अर्धी मुदत वरच्या वाडीची बाई, अर्धी खालच्या वाडीची. वरच्या वाडीतून धोंडू धनावडे म्हणाले, "माजी सून बारावी शिकलेली हाय. ती बसंल. मुदत झाली की राजीनामा देयाची जिम्मेदारी माजी." मग त्यांनी देवीसमोर नारळ ठेवून शब्द दिला. कोकणात नारळ ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर माणूस स्वतःच्या मनातून उतरतो, लोकांचं नंतर.

धोंडूंची ही सून म्हणजे नम्रता. माहेर मालगुंडचं, नवरा स्वरूप मुंबईत एका कंपनीत कामाला, मुलगी रत्नागिरीला शिकायला. आपण सरपंच होणार हे नम्रताला अर्जावर सही करताना कळलं. आणि अर्ध्या मुदतीचं? ते कळलंच नाही. धोंडूंना वाटलं, भागोजी सांगतील. भागोजींना वाटलं, घरातली गोष्ट आहे, सासरा सांगेल. दोघेही सज्जन, आणि दोघांच्या सज्जनपणात सांगायचं राहूनच गेलं. मला माहीत होतं. पण सतरंजीला विचारतंय कोण?

पहिल्या ग्रामसभेत नम्रता खुर्चीवर बसली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. विषय भागोजी मांडत होते, उत्तरं ग्रामसेवक देत होते, आणि ती मान हलवत होती. मी मनात म्हटलं, ही आता पाच वर्षं अशीच डोलणार, नंदीबैलासारखी. माझा अंदाज इतका चुकेल असं मला वाटलं नव्हतं. चुकला ते बरं झालं.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते, असा नियम आहे. आमच्याकडे ती घरोघर सह्या फिरवून उरकायची आणि मी गुंडाळलेलीच राहायची. नम्रताने मला स्वतःच्या हाताने अंथरलं आणि वाट बघत बसली. आली कोण, तर एकटी चिमा आजी. तीसुद्धा झाडायला आलेली. ती माझ्यावर आडवी झाली आणि घोरायला लागली. तिची काही चूक नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिला पंख्याखाली सतरंजी मिळाली होती.

नम्रताने डोक्याला हात लावला नाही. वैशाख होता. गावातल्या निम्म्या बाया आंब्याच्या पेट्या भरायला जायच्या. तिने मला काखोटीला मारलं आणि जेवणाच्या सुट्टीत थेट त्या पेट्यांच्या शेडमध्ये नेऊन अंथरलं. "तुम्ही येत नाही, तर सभा आली," म्हणाली. बाया हसल्या. डबे उघडले. आंब्याच्या वासात, भाताच्या पेंढ्यात आणि सुकटीच्या चटणीत आमच्या गावातली बायकांची पहिली खरी ग्रामसभा झाली. आणि त्या माझ्यावर बसल्या. मांडी घालून, पाठ टेकून, पाय पसरून बसल्या. माझ्यावर इतकी वर्षं लोक बसले, पण त्या दुपारी मी भरले असं मला वाटलं.

पहिली बोलली ती खालच्या वाडीतली अक्षया. वयाने लहान, नुकती आई झालेली, पदवी घेतलेली. ती म्हणाली, "वहिनी, आपल्या गावात सरकारी आरोग्य उपकेंद्राची इमारत आहे. तिला कुलूप का आहे? माझा मुलगा पालीला जाताना टेम्पोत झाला. टेम्पोत चिरे भरलेले होते. मी चिऱ्यांना धरून बाळंत झाले." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. एका बाईने डब्याचं झाकण लावलं, आणि मग एकेक जण आपापलं सांगायला लागली. कुणाची सासू वाटेत गेली होती, कुणी साप चावलेल्याला डोलीतून उतरवलं होतं. नम्रता ऐकत राहिली. मधूनच तिने पदराने डोळे पुसले, ते तिने लपवलं नाही.

त्या कुलपाच्या आत काय आहे, हे मला चांगलं माहीत होतं. कारण आत मीच होते. गावजेवणाची मोठी पातेली, झारे, ताशे आणि एका कोपऱ्यात मी. नर्सबाई नाही म्हणून इमारत रिकामी, रिकामी म्हणून गावकीने सामान ठेवलेलं, आणि सामान आहे म्हणून नर्सबाई आली तरी बसणार कुठे? नम्रताने आधी पातेली बाहेर काढायला सांगितली. गावात केवढा गहजब झाला. "देवीची भांडी बाहेर काढतेस?" लोक म्हणाले. ती म्हणाली, "देवीची भांडी देवीच्या घरात राहतील. देवळामागची खोली मी स्वतः सारवून देते." आणि खरंच तिने ती सारवली. भांडी गेली देवळामागे. मला मात्र तिथल्या वाळवीची भीती, म्हणून चिमा आजीने मला नम्रताच्या पडवीत नेऊन टाकलं. तेव्हापासून मी तिच्या घरची झाले.

पडवीतून घर दिसतं. सकाळी गोठा, मग चूल, मग सासऱ्यांचा चहा, मग धावत पळत एसटी. रत्नागिरीला जिल्हा परिषदेच्या कचेरीत ती इतक्या वेळा गेली, की कंडक्टर तिची जागा धरून ठेवायचा. संध्याकाळी परतली की पडवीत माझ्या गुंडाळीवर मिनिटभर टेकायची, हाताने पावलं दाबायची. कधी कुणी साहेब नीट बोललेला असायचा, कधी 'तुमच्या मिस्टरांना पाठवा' म्हणून परत पाठवलेलं असायचं. अशा दिवशी ती म्हणायची, "मिस्टर मुंबईला आहेत, सरपंच मी आहे, आणि भूक मलाच लागली आहे." मग हसून चूल पेटवायची. तिच्या हसण्यात चीड असायची, हे माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. उपकेंद्रात असतानाच मला एका बाजूला वाळवीने भोक पाडलं होतं. तिने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावून ते शिवलं. हिरवं ठिगळ आहे, अजून आहे. बघा हवं तर.

हळूहळू काम सरकलं. उपकेंद्राचं छप्पर दुरुस्त झालं. बाळंतपणाच्या खोलीत फरशी बसली. नर्सबाईंची नेमणूक येऊ घातली. ग्रामसभेतही बाया दारापासून सरकत सरकत माझ्या मध्यापर्यंत आल्या, आणि भागोजींना जरा आखडून बसावं लागलं. ते कुरकुरले, पण सरकले.

मग माघात, शिमग्याच्या तोंडावर, गावकी बसली. मला पडवीतून उचलून देवळात नेलं. पालखीचं सगळं ठरवून झाल्यावर भागोजी म्हणाले, "धोंडू, मुदत झाली. आता सुनंला सांग. राजीनामा देऊन टाकू दे. खालच्या वाडीतनं अक्षयाला बसवायचं ठरलंय." धोंडू माझ्यावर बसले होते, आणि त्यांचं अंग कसं जड होत गेलं ते मला कळत होतं. "उपकेंद्राचं काम अर्ध्यात हाय," ते एवढंच म्हणाले.

भागोजी रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "काम मानसं करतील. शब्द तू देवीला दिलायस. ज्या घरानं शब्द मोडला, त्या घरच्या अंगनात मी पालखी कशी बसवू? तूच सांग."

शिमग्यात आमच्या नवलाईची पालखी घरोघर येते. वर्षभर माणसं देवीकडे जातात, त्या दिवसांत देवी माणसांकडे येते. मुंबईकर नोकरीवर पाणी सोडतील, पण पालखीला दारात उभे राहतील. घरची बाई देवीची ओटी भरते, पालखीबरोबर आलेले खेळे नाचतात, आणि मला अंगणात अंथरतात ती बरोबरच्या मंडळींना बसायला. पालखी ज्या घरावरून तशीच पुढे जाते, त्या घराचं काय होतं, ते मी सांगायला नको.

धोंडू मला खांद्यावर टाकून घरी आले आणि पडवीतच बसले. नम्रताने चहा आणला. त्यांनी तो घेतला नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, नारळ कधी ठेवला, काय बोलले, कशाला बोलले. नम्रता उभीच होती.

"माझ्या नावाने शब्द दिलात, तेव्हा मी कुठे होते, बाबा?"

"तू गोठ्यात हुतीस."

"मग एक हाक मारायची होती. देवळापासून आपला गोठा किती लांब आहे?"

"नम्रता, माजी चूक झाली," असं धोंडू म्हणाले असते तर तिथेच काही मोकळं झालं असतं. पण सासऱ्याने सुनेपुढे असं म्हणायची आमच्याकडे रीत नाही. ते नुसते चहाच्या कपाकडे बघत राहिले. चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून स्वरूपचा फोन आला. तो म्हणाला, देऊन टाक, मिटवून टाक, कशाला गावाशी वैर. तिने ऐकून घेतलं आणि "बघते" म्हणून फोन ठेवला. तिला राजीनामा द्यायचा नव्हता. आणि देवी दारावरून परत गेलेली तिला सोसणार नव्हती. दोन्ही खरं होतं. लग्न होऊन आल्यापासून एकाही वर्षी तिच्या हातची ओटी चुकली नव्हती.

शिमग्याआधी मला दरवर्षी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, धुतात. त्या वर्षी नम्रतानेच मला डोक्यावर घेतलं आणि कोंडीतल्या पाण्यावर गेली. तिथे अक्षया कपडे धूत होती. ज्या दोघींना गावकीने एकीच्या जागी दुसरी म्हणून ठरवलं होतं, त्या समोरासमोर आल्या. मी भिजून वजनदार झाले होते. मला पिळायला एका बाईचं बळ पुरत नाही. अक्षया उठली आणि तिने माझं दुसरं टोक धरलं.

दोघी उलट दिशांना मला पिळत होत्या. पाणी गळत होतं. आधी अक्षयाच बोलली. "वहिनी, मी सरपंच होणार, हे मला काल कळलं."

"कुणी सांगितलं?"

"सासऱ्यांनी. 'येताना कोथिंबीर आण' म्हणतात ना, त्या आवाजात."

नम्रताला हसू फुटलं. मग अक्षयाही हसली. मला एवढ्या जोरात पिळलं जात होतं, तरी मला बरं वाटलं. हसू सरल्यावर अक्षया म्हणाली, "तुम्ही सोडू नका. मी आत्ता बसले तर भागोजी आजोबा सांगतील तिथे सही करीन, दुसरं काय होणार? मला बसायचं आहे. पण मतं मागून बसायचं आहे. पुढच्या वेळी मी उभी राहीन. तुमच्याविरुद्धसुद्धा राहीन."

"राहा," नम्रता म्हणाली. "मी जोरात लढेन हं."

मग तिने मला झुडपावर वाळत घातलं आणि माझ्याकडे पाठ करून रडली. "राजीनामा मी देणार नाही," ती म्हणाली. "पण पालखीचं कसं सोसू, ते मला कळत नाही." अक्षयाने तिच्या पाठीवर ओला हात ठेवला. पुढे तिने जे केलं ते तिने तेव्हा ठरवलं होतं की आयत्या वेळी सुचलं, हे मला माहीत नाही.

पालखी निघाली. मला एकाच्या खांद्यावर टाकलेलं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. वरच्या वाडीत घरामागून घर होत होतं. नम्रताने अंगण सारवून रांगोळी घातली होती. हातात ओटीचं ताट होतं, त्यात खण, नारळ, तांदूळ. अंगावर लग्नातलं हिरवं पातळ. शेजारी मुंबईहून आलेला स्वरूप हात जोडून उभा. पालखी अंगणाच्या फाटकापाशी, बेड्यापाशी आली, क्षणभर हलली आणि तशीच पुढे गेली. ताशा थांबला नाही. नम्रता ताट धरून तशीच उभी राहिली. धोंडू पडवीत बसले होते, ते बाहेर आलेच नाहीत. मी त्या घरात राहिलेली, तिच्या लुगड्याचं ठिगळ अंगावर असलेली, आणि त्याच पालखीमागून पुढे चाललेली. सतरंजीला पाय असते तर मी उतरले असते.

दुपार कलताना पालखी खालच्या वाडीत अक्षयाच्या अंगणात आली. मला अंथरलं. पाटावर पालखी बसली. आमच्याकडे रिवाज असा, की ज्या घरी पालखी, त्या घरच्या बाईची ओटी पहिली. तिने भरल्याशिवाय शेजारणी भरत नाहीत आणि पालखी उठत नाही. अक्षया ताट घेऊन बाहेर आली आणि पायरीवरच थांबली.

"सूनबाई, पुढे ये," तिचे सासरे म्हणाले.

"येते. आधी वरच्या वाडीत राहिलेली ओटी भरू द्या. तिकडे एक बाई ताट घेऊन उभी आहे."

सासरे तांबडेलाल झाले. शेजारची चिमा आजी काठी टेकत पुढे आली. "देवीला तिष्ठत ठेवू नये गो बाय," ती म्हणाली.

"मी नाही ठेवत, आजी. माझं ताट तयार आहे."

चिमा आजीने एकदा पालखीकडे पाहिलं, एकदा अक्षयाकडे. देवीला ती जन्मभर भ्यालेली. पण तिची स्वतःची मुलगी, खूप वर्षांपूर्वी, पालीच्या वाटेवरच गेली होती, आणि उपकेंद्राची नवी खोली ती रोज झाडत होती. तिने आपलं ताट पायरीवर ठेवलं. "माज्या दारात आनलीत तरी मी पन थांबंन," म्हणाली. मागच्या बायांपैकी काहींनी ताटं खाली ठेवली, काही घाबरून तशाच उभ्या राहिल्या. दोघी-तिघी तर घरातच निघून गेल्या. सगळ्या काही वाघिणी नसतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

भागोजी माझ्यावर बसलेले होते. लोकांना वाटलं, आता म्हातारा भडकणार. पण जो शब्दाला इतका मानतो, तो माणूस दगड नसतो. ते हळूच म्हणाले, "पोरी, शब्दाचं काय करू मी? तेवडा सांग."

"ज्यांनी दिला त्यांना विचारा, आजोबा. तो शब्द त्यांचा होता का, एवढंच विचारा. तुम्ही माझंही नाव घेतलंत. मलासुद्धा कुणी विचारलं नाही."

भागोजी माझ्यावर हात टेकून उठले. त्या हाताचा भार मी कधी विसरणार नाही. "उचला पालखी," ते म्हणाले. "वर चला."

पालखी कधी मागे फिरत नाही, असं जुने लोक सांगत. त्या दिवशी फिरली. बाया मागून निघाल्या, ताटं हातात घेऊन. नम्रता अजून अंगणातच होती. पालखी बेड्यातून आत येताना पाहून तिचा तोल गेला, स्वरूपने ताट सावरलं. मला तिच्या रांगोळीशेजारी अंथरलं. घरातली माझी जागा सोडून मी आज तिच्या अंगणात पाहुणी म्हणून पसरले होते.

पालखी बसली की गावकरांनी गाऱ्हाणं घालायचं असतं. सगळ्यांच्या वतीने देवीला सांगणं, आणि प्रत्येक बोलीला जमलेल्या पुरुषांनी 'होय म्हाराजा' म्हणून दुजोरा देणं. भागोजींनी घसा साफ केला आणि मग पडवीकडे वळून म्हणाले, "धोंडू, भायर ये. आज गाऱ्हानं तू घाल."

धोंडू आले. टोपी काढून हातात धरली.

"आई नवलाय, म्हाराजा. आज तुजी लेकरं तुज्या पायाशी जमलीत."

"होय म्हाराजा," पुरुष म्हणाले.

"अडीच सालं झाली, मी तुज्यासमोर नारळ ठेवून शब्द दिला. माज्या सुनंच्या नावानं दिला. तिला न इचारता दिला." ते थांबले. "आई, तो शब्द माजा नव्हताच. जो माजा नव्हता, तो मी तुज्या पायाशी ठेवला. तो मला परत दे. दंड करायचा तो मला कर, माज्या सुनंला नको. ती तुज्याच लेकरांसाठी धावत्येय. चुकलंमाकलं पदरात घे, म्हाराजा."

इथे 'होय' म्हणायचं असतं. पण पुरुषांना कळेना, म्हणावं की न म्हणावं. खेळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भागोजींनी डोळे मिटले होते. गाऱ्हाण्याला जर होकार मिळाला नाही, तर ते तसंच हवेत राहतं.

"होय म्हाराजा." आवाज चिमा आजीचा होता. जन्मात कधी तिने गाऱ्हाण्याला होकार दिला नव्हता, बायका देत नाहीत. मग अक्षया म्हणाली. मग मागच्या सगळ्या बाया म्हणाल्या. आणि शेवटी, डोळे न उघडता, भागोजी म्हणाले, "होय म्हाराजा." मग सारं अंगण म्हणालं.

नम्रताने ओटी भरली. ओंजळीतले काही तांदूळ माझ्यावर सांडले. ते मी कितीतरी दिवस अंगावर बाळगले. मग धोंडू सुनेजवळ गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी हाक मारायला हवी हुती." तिने वाकून त्यांना नमस्कार केला, आणि ते मान वळवून डोळे पुसत राहिले.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. नम्रताची मुदत पुरी व्हायला आली आहे. नर्सबाई आल्या. गेल्या पावसाळ्यात उपकेंद्रात पहिलं बाळ जन्मलं, मुलगी. पुढच्या निवडणुकीत अक्षया उभी राहणार हे नक्की, नम्रता राहणार की नाही हे ती सांगत नाही. भागोजी म्हणतात, यंदा बिनविरोध नको, मतं होऊ देत. गावात थोडी कुरबुर चालू आहे. वरच्या वाडीतले काही जण अजून अक्षयाच्या घरी चहा घेत नाहीत. ते होतं, तेवढ्याने गाव बुडत नाही.

ग्रामपंचायतीने प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या आणि मला उपकेंद्राच्या ओट्यासाठी दिलं. आता माझ्यावर लस टोचायला आलेल्या आया बसतात. पोरं मला ओलं करतात, रडतात, मग तिथेच झोपतात. अंग आता विरलंय, किनार सुटली आहे. तरी तक्रार काही नाही. कोणत्या गावात पडायचं, हे सतरंजीच्या हातात नसतं, पण मी चांगल्या गावात पडले. मला घट्ट विणणाऱ्याचं, उन्हात टाकणाऱ्या चिमा आजीचं, मला ठिगळ लावणाऱ्या नम्रताचं, माझं दुसरं टोक धरणाऱ्या अक्षयाचं, आणि माझ्यावर हात टेकून उठणाऱ्या म्हाताऱ्या भागोजींचंही देणं मला कधी फिटायचं नाही.

फक्त एक मागणं आहे, ते तुमच्याकडे. कुठेतरी तुम्ही चार जण माझ्यासारख्या एखादीवर बसाल आणि घरातल्या बाईच्या नावाने काहीतरी ठरवायला निघाल. तेव्हा आधी तिला हाक मारा. ती हातातलं काम टाकून येईल, हात पुसत येईल, थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा. सतरंजी कुठे पळून जात नाही.